मधातलं औषध, डोक्यातला करंट

हे लिहावं की नाही यातच बरेच दिवस गेले. प्रयोगवहीच्या पलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. पण परवा आमच्या कॉलेजमधल्या एका मुलीनं मला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, तुलाही डोक्यात झटके यायचे म्हणे, खरं का? तिला मी तोंडानं नीट काहीच सांगू शकलो नाही. जे तेव्हा जमलं नाही ते इथे लिहितो आहे. आधीच सांगतो, मी आता बरा आहे. पण माझा राग गेलेला नाही, आणि तो गेल्यासारखं मी लिहिणार नाही.

पहिला झटका

आमचं गाव अमडापूरच्या पुढे. मी बुलढाण्यात खोली करून बी.एस्सी. करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. खोलीवर स्वयंपाक करत नाही. सकाळच्या एस.टी.त माय डबा देते, ड्रायव्हर तो सीटमागे ठेवतो आणि मी स्टँडवर जाऊन घेतो. आमच्याकडची निम्मी पोरं अशीच शिकतात.

त्या दिवशी मी डबा घेऊन स्टँडवर उभा होतो. शेजारच्या गाडीची पाटी वाचायला डोळे डावीकडे वळवले आणि डोक्याच्या आत, दोन्ही कानांच्या मध्ये कुठेतरी, झटका बसला. शेतातल्या मोटरच्या स्टार्टरला ओला हात लागला की कोपरापर्यंत जे सणकतं, तेच, पण डोक्यात. कानात ‘झप’ असा आवाज आला. एक क्षण मी तिथे नव्हतोच. मग पुन्हा होतो, आणि डबा हातात तसाच.

पुन्हा डोळे फिरवले. झप.

ते दुखत नाही. दुखलं असतं तर निदान ‘दुखतं’ म्हणून सांगता आलं असतं.

गोळ्या कशासाठी होत्या

त्याच्या काही महिने आधी मी आजारी पडलो होतो. काय झालं होतं विचाराल तर काहीच झालं नव्हतं. झोप गेली, मग भूक गेली, मग आंघोळ करावीशी वाटेना. पुस्तक उघडून एकाच ओळीवर तासन्‌तास बसायचो. एकदा बाबांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो की उद्या उठलो नाही तरी चालेल मला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं बाबा आले आणि मला दवाखान्यात घेऊन गेले.

बाकावर बसून बाबांनी टोपी काढून हातात धरली ती शेवटपर्यंत हातातच होती. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले आणि डिप्रेशन म्हणाले. बाबांनी विचारलं, म्हणजे टेन्शन का? तसंच समजा, असं उत्तर मिळालं. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, “कायचं टेन्शन आलं रे पोरा तुले? आमी तं तुले वावरातलं एक काम नाई सांगतलं.” त्यांचा आवाज रागाचा नव्हता. ते खरंच शोधत होते.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती, की औषधाची स्ट्रिप मुलाजवळ ठेवू नका, घरच्यांनी एकेक द्यावी. बरोबरच होतं ते. म्हणून स्ट्रिप मायजवळ राहिली. मी महिनाभर घरी होतो तेव्हा ती रोज माझ्या हातावर कॅप्सूल ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. मी सुधारलो. एका सकाळी पोह्यांचा वास आला आणि मला भूक लागली, हे मला अजून आठवतं. मग मी कॉलेजात परत गेलो आणि कॅप्सूल डब्यातून येऊ लागली, कागदात गुंडाळून.

काही दिवसांनी कागदाऐवजी एक छोटी स्टीलची डबी येऊ लागली. तिच्यात मधात कालवलेलं पांढरं औषध. फोनवर विचारलं तर माय म्हणाली, मधात लवकर लागू पडते. मला वाटलं, मी कॅप्सूल न गिळता साठवून ठेवीन अशी तिला भीती वाटते. त्या वाटण्याची मला इतकी लाज वाटली की मी पुन्हा विषयच काढला नाही. बोटानं चाटून घ्यायचो. वर्षानुवर्षं आमच्या घरी सगळी औषधं मधातच मिळाली आहेत.

झटके सुरू झाले ते त्यानंतर.

“लाईट गेली काय?”

डबा आला की औषध घ्यायचो. तासाभरात मळमळायचं. दुपार बरी जायची. सकाळी उठलो की झप झप सुरू. मान वळवली की एक, जिना उतरताना एक, फळ्यावरून वहीकडे पाहिलं की एक. गाडी चुकली आणि डबा आला नाही तर त्या दिवशी माळच लागायची झटक्यांची.

माझा खोलीतला जोडीदार निलेश. मी बोलता बोलता क्षणभर थांबलो की तो म्हणायचा, “काय बे, गेली काय लाईट?” आणि बाकीची पोरं हसायची. पुढे पुढे मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून कोणीतरी पंख्याच्या बटणाचा आवाज काढायचं. मी पण हसायचो. मला तेव्हा हसण्यापलीकडे काही सुचत नव्हतं. आता सुचतं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टरांकडे तीन-चारदा जाऊन आलो. प्रत्येक वेळी तेच.

“औषध रोज घेतोस का?”

“हो सर.”

“मग असं होणारच नाही. औषध सोडलं तर होतं. मोबाईल कमी पाहा, झोप नीट घे.” आणि पुढच्या पेशंटचं नाव.

माझा स्वभाव असा की मोठ्या माणसानं नाही म्हटलं की मला वाटतं नाहीच असेल. मला वाटू लागलं की हा नवीन वेडेपणा आहे, पहिल्यापेक्षा मोठा.

मग प्रॅक्टिकलच्या तासाला ब्युरेटची लांब काचेची नळी भरताना झटका आला, हात गेला, काच फुटली. मी टेबल धरून उभा राहिलो. सर जवळ आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, तोंड उघड, श्वास सोड. त्यांना वाटलं मी पिऊन आलोय. माझ्या गळ्यात तुळशीची माळ होती. आमचं घर माळकरी, आमच्याकडे अंडंसुद्धा शिरत नाही. मी श्वास सोडला. सरांना कसलाच वास आला नाही, तरी ते म्हणाले, “आजकाल वास न येणाऱ्याही गोष्टी मिळतात.” आणि मला घरी पाठवलं. परीक्षा तोंडावर आली होती.

अर्थिंग

घरी मी बाबांना एवढंच सांगू शकलो की डोक्यात करंट लागतो. बाबांनी ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी वायरमन हजर. त्यानं टेस्टर घेऊन भिंती, कूलर, नळ, माझी खाटसुद्धा तपासली. मग बाबांनी त्याच्याकडून घरामागे नवा खड्डा खणून घेतला, त्यात मीठ-कोळसा भरला, तांब्याची पट्टी पुरली. आणि रोज संध्याकाळी ते त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतू लागले.

काका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, ओट्यावरून पाहत होते. गावात त्यांचं कृषी केंद्र आहे आणि घरात शब्द त्यांचा चालतो. ते वायरमनला म्हणाले, “घराले कायले अर्थिंग देता भाऊ? याच्याच पायाले तार बांधा. शिकून शिकून फ्यूज उडाला लेकाचा.”

वायरमन हसला. बाबा खाली मान घालून पाणी ओतत राहिले. मला काकांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर बाबांचा जास्त आला.

त्याच संध्याकाळी काकांनी निकाल दिला. हे सगळं गोळ्यांनी होतंय. गोळ्या बंद. चार दिवसांत चांगला झाला तर परीक्षेला जाईल, नाहीतर कॉलेज बंद, माझ्या दुकानात बसेल, खताची पोती मोजेल, डोकं ठिकाणावर येईल. त्यांनी मायकडून स्ट्रिप मागून घेतली आणि उकिरड्यावर फेकली. कोणी त्यांना अडवलं नाही. मीही नाही.

औषध एकदम बंद झाल्यावर जे झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून घाम येतो. झटके मोजण्यापलीकडे गेले. डोळे मिटले तरी यायचे. पाण्याचा घोट पोटात टिकत नव्हता. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली आणि मी हुंदके देऊन रडलो. थोड्या वेळानं मायनं जेवायला हाक मारली तर मी ताट भिंतीवर फेकलं. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली आणि मायला म्हणाली, बाहेरचं काही असंल तं पाहून घे बाई. माय म्हणाली, “आतलंच हाये, तू जाय.”

काका म्हणायचे, नशा उतरून राहिली, उतरू द्या.

खल

बाबांनीच काकांना न सांगता बुलढाण्याहून नवी स्ट्रिप आणली. सकाळची वेळ होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसलो होतो, कारण उभं राहवत नव्हतं. माय आत देवाकडे तोंड करून बसली होती. तिनं कॅप्सूल हातात घेतली, दोन्ही टोकं धरून फिरवली, उघडली. बारीक पांढरे दाणे खलात पडले. रिकामं कवच तिनं चिमटीत धरून चुलीत टाकलं, हात धुतले, आणि बत्ता घेऊन कुटायला लागली.

“माय, हे काय करून राह्यली?”

“औषध देऊन राह्यली तुले.”

“कॅप्सूल काऊन फोडली?”

“वरचं टरफल जनावराच्या हाडाचं राह्यते. सप्त्यात महाराजानं कीर्तनात सांगतलं. तुह्या गळ्यात माळ हाये का नाई?” ती न थांबता कुटत होती. “अन् दाने दातात अटकतात म्हून बारीक करते.”

“कवापासून?”

“सप्त्यापासून.”

मी दोन वर्षं रसायनशास्त्र शिकलोय. त्या दाण्यांना वेगळं आवरण असतं, ते दिवसभर हळूहळू विरघळावं म्हणून असतं, एवढं मला कळायला हवं होतं असं कोणी म्हणेल. पण मला दाणे कोणी दाखवलेच नव्हते. आता दिसले आणि सगळं एकदम जुळलं. सकाळचे झटके, डब्यानंतरची मळमळ, सगळं.

मी ओरडलो. “तू! रोज तूच लावत व्हती मले करंट!”

बत्ता थांबला. मायनं वळून पाहिलं. काय झालं ते तिला कळलंच नव्हतं, फक्त मी काय म्हटलं ते कळलं. “मी?” ती म्हणाली. “मी तं रोज देवापुढं बसून...” तिनं खलातलं औषध मधात कालवलं आणि माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं, कारण त्या क्षणी मी विषही घेतलं असतं. तासाभरानं झटके विरळ झाले. त्या आरामाचाही मला राग आला.

दवाखान्यात

आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला.

“कुटलं? दाणे कुटले?” मग आवाज चढला, दाराबाहेरच्या रांगेला ऐकू जाईल इतका. हे औषध चोवीस तास पुरायला बनवलंय, कुटलं की एकदम चढतं आणि सकाळपर्यंत संपतं. मुलगा रोज औषध घेत होता आणि रोज सोडत होता. मग मायकडे बोट करून म्हणाले, “मेंदू आहे तो तुमच्या मुलाचा. चटणी आहे का?”

माय पदराचं टोक धरून उभी होती. तिच्यावर मी चिडलेलोच होतो, पण हे ऐकून मला दुसरीकडूनही राग आला. मी म्हणालो, “सर, मी इतक्या वेळा आलो. झटक्यांचं सांगितलं. तुम्ही मोबाईल म्हणालात.”

“मी विचारलं होतं, रोज घेतोस का.”

“कसं घेतो ते नाही विचारलं.”

ते उत्तर देणार होते, पण मायच बोलली. “डाक्टरसाहेब, मी म्हनते ते खोटं हाये का? टरफल हाडाचं राह्यते का नाई?”

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचलला. “असतं,” ते म्हणाले. “बहुतेक कॅप्सूलचं तसंच काहीतरी असतं.”

“मंग?”

“मग काही नाही. अख्खी गिळायची. नाहीतर परीक्षा विसरा.”

ही एवढीच चर्चा. नंतर कधीतरी मी वाचलं की वनस्पतीपासून बनवलेल्या कवचाच्याही कॅप्सूल असतात. मेडिकलवाल्याला विचारलं तर म्हणाला, या औषधाची तशी येते का ते मागवून पाहावं लागेल. त्यानं मागवून पाहिलं नाही. त्या दिवशी त्या खोलीत कोणी एका वाक्यात एवढं सुचवलं असतं, तर पुढचं कदाचित झालं नसतं.

माळ

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, मला देवापुढे पाटावर बसवलं आणि माझ्या गळ्यातल्या माळेची गाठ सोडायला लागली. ती मी लहान असताना तिनंच घातली होती. दोरा घामानं आणि वर्षांनी घट्ट झालेला. गाठ सुटेना. तिनं दातानं सोडवली. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

माळ तिनं देवाजवळच्या खिळ्याला अडकवली. मग अख्खी कॅप्सूल माझ्या हातावर ठेवली आणि बाहेर निघून गेली. मी गिळताना ती समोर उभी राहिली नाही, ही पहिलीच वेळ.

काका आले. मोकळा गळा त्यांना लगेच दिसला. “घ्या,” ते म्हणाले. “डोकं तं गेलंच व्हतं, आता धर्मबी गेला. उद्या अंडे उकडसान.”

माझे बाबा काकांपुढे बोलत नाहीत. त्या दिवशी ते म्हणाले, “दादा, तो परीक्षेले जाईन.” एवढंच. काका ओट्यावरून उठून गेले आणि बरेच दिवस आमच्याकडे आले नाहीत. बाबांचा जो राग मी धरून बसलो होतो त्यातला थोडा तेव्हा उतरला.

झटके आठवडाभरात कमी झाले, मग थांबले. मी परीक्षेला बसलो. निकाल फार चांगला नाही, पण मी कॉलेजात आहे, खताच्या दुकानात नाही.

सोडताना

पुढे कित्येक महिन्यांनी, मी बरा राहिलो हे पाहून, औषध हळूहळू बंद करायचं ठरलं. या वेळी मी दुसऱ्या एका डॉक्टरबाई निवडल्या. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो, सकाळी उठल्यापासून काय काय करतोस ते सांग, असा. इतका वेळ मला कोणी बोलू दिलं नव्हतं, मी गोंधळूनच गेलो. डोस हळूहळू कमी झाला. मधे एकदा झटके परत आले तर त्यांनी मागच्या डोसवर नेलं, महिनाभर थांबवलं आणि मग पुन्हा कमी केलं. त्या म्हणाल्या, शर्यत नाही ही.

त्या मुलीला मला हेच सांगायचं होतं. झटके खरे असतात, तुला वेड लागलेलं नाही. औषध स्वतःच्या मनानं बंद करू नकोस, काकांच्या तर मुळीच नको. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांग की तू ते कशात, कधी, कसं घेतेस. मध, दूध, केळं, सगळं सांग. ते चिडले तर चिडू दे. चिडून ऐकत नसतील तर दुसरीकडे जा. मला हे कोणी सांगितलं असतं तर माझा एक हिवाळा वाचला असता.

शेवटची कॅप्सूल घेऊन बरेच दिवस झाल्यावर मी गावी गेलो. मायनं विचारलं, आता काही लागत नाही ना? मी म्हणालो, नाही. तिनं खिळ्यावरून माळ काढली. दोरा नवा घातला होता. मणी धुऊन ठेवले होते.

मी मान पुढे केली नाही. माझ्या मनात काय चाललं होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. तो दवाखाना होता, त्या सगळ्या सकाळी होत्या, आणि मायबद्दल जे मी कुणाजवळ बोललो नाही तेही होतं. तिला मी माफ केलं असं मी त्या दिवशी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. मी एवढंच विचारलं, “माय, हे दुखणं फिरून येऊ शकते. डॉक्टरबाई म्हणाल्या. मले पुन्हा गोळी लागली तं?”

तिनं माळेचा नवा दोरा बोटानं ताणून पाहिला. बाहेर बाबा कोणाशी तरी बोलत होते.

“मंग मी काढीन,” ती म्हणाली. “माह्याच हातानं काढीन.”

मी बसलो. ती मागे आली आणि गाठ बांधायला लागली. तिची बोटं गार होती. या वेळी तिनं गाठ सैल बांधली.